ऐंशी हजार तीळ

साखरेबाबत मला कुणी शिकवू नये, हा माझा जुना माज. कृष्णाकाठच्या एका सहकारी साखर कारखान्यात मी केमिस्ट म्हणून लागलो आणि चीफ केमिस्ट म्हणून निवृत्त झालो. रोजचं गाळप अडीच हजार टन, उतारा साडेअकराच्या घरात, म्हणजे ऐन हंगामात दिवसाला पावणेतीन हजार क्विंटलच्या वर साखर माझ्या सहीनं पोत्यात जायची. आजही किराणा दुकानात गेलो की चिमूटभर साखर तळहातावर घेऊन दाणा बघतो. एम-३० सांगून एस-३० खपवत असेल तर चारचौघांत तसं बोलून दाखवतो. आमच्या नाक्यावरचा दुकानदार हल्ली मी लांबून दिसलो तरी साखरेच्या डब्याला झाकण लावतो.

अशा माणसाला संक्रांतीचा हलवा जमणार नाही, हे कुणाच्या मनात तरी येईल का? हिच्या मनात आलं होतं. पण ती काही बोलली नाही. ती बोलली नाही की थांबावं, एवढं साधं गणित मला इतक्या वर्षांच्या संसारात सुटलेलं नाही.

विषय निघाला नातवाच्या बोरन्हाणावरून. पोराची पहिलीच संक्रांत. सूनबाई मोबाईलवर हलव्याचे दागिने बघत होती. मुकुट, बासरी, हार, बाजूबंद, कंबरपट्टा असा बाळकृष्णाचा पूर्ण संच. दादरला जाऊन आणायचा की घरपोच मागवायचा, एवढीच चर्चा. तेवढ्यात मी पेपर खाली ठेवला आणि म्हणालो, "विकतचा हलवा कशाला? साखरेत माझी हयात गेली. घरी करू."

"बाबा, तो फार किचकट असतो म्हणे," सूनबाई म्हणाली.

"किचकट? साहित्य काय, तर तीळ, साखर आणि पाणी. साखर पाण्यात विरघळवायची आणि परत बाहेर काढायची. मी आयुष्यभर दुसरं केलं काय?"

मुलानं आईकडे बघितलं. हिनं कोथिंबीर निवडायला घेतली.

ज्यांना हलवा फक्त दुकानातल्या पुडीतून ठाऊक आहे, त्यांच्यासाठी कृती सांगतो. तीळ, खसखस, साबुदाणा, लवंग, भोपळ्याची बी, यांतलं काहीही परातीत घ्यायचं. परात मंद निखाऱ्यावर. एकतारी पाक चमचा चमचा सोडायचा आणि बोटांनी सारखं फिरवत राहायचं. एक चमचा वाळला की दुसरा. थरावर थर चढतो, दाणा फुगतो आणि पुष्कळ तासांनी, खरं म्हणजे थोडं थोडं करत काही दिवसांनी, त्याला काटा फुटतो. हे सगळं कागदावर पाच ओळींत बसतं, आणि मला आयुष्यात ज्या ज्या गोष्टींनी दगा दिला त्या सगळ्या पाच ओळींतच बसत होत्या.

मी तयारीला लागलो. माझ्या तयारीला घरात 'प्रकल्प' म्हणतात, ते का ते अजून मला कुणी सांगितलेलं नाही. तापमापक आणला. हवेतला दमटपणा मोजायला हायग्रोमीटर आणला. निवृत्तीनंतर हौसेनं जपून ठेवलेला हँड रिफ्रॅक्टोमीटर मखमली डबीतून काढला. पाकाचा एक थेंब काचेवर टाकून उजेडाकडे बघितलं की त्यात साखर किती टक्के ते कळतं. त्याला आम्ही ब्रिक्स म्हणतो. माळ्यावर सासूबाईंची पितळी परात निघाली, पण तिची कल्हई गेलेली. कल्हईवाला शोधायला सूनबाईनं मोबाईल चालवला, तर जवळात जवळचा नाशिकला निघाला. मग स्टीलच्या परातीवर भागवलं. "ती पातळ आहे, मध्येच तापेल," ही म्हणाली. हे तिचं त्या आठवड्यातलं पहिलं वाक्य.

रात्री जरा हिशेब मांडला. हजार तिळांचं वजन तीन ग्रॅमच्या आसपास भरतं. मी घेतले होते पाव किलो. म्हणजे परातीत ऐंशी हजारांवर तीळ, आणि प्रत्येकाला चारी अंगांनी काटे आणायचे. ह्या आकड्यानं शहाणा माणूस दचकला असता. मला मात्र हुरूप आला. मोठ्या आकड्यांची सवय वाईट.

पाक मात्र फर्मास झाला, हे माझ्या शत्रूनंही मान्य करावं. साखर बुडेल इतपत पाणी, उकळी आल्यावर मळी वर यायला चमचाभर दूध. कारखान्यात रस निवळायला चुना आणि गंधकाचा धूर लागतो, इथं दुधावर काम भागतं. फडक्यातून गाळलेला पाक काचेसारखा स्वच्छ निघाला. एकशे चार अंशांवर गॅस बंद. बोटांत धरून तार बघायची गरजच काय? तापमापक होता ना.

आणि मग मी तो पाक तिळांवर ओतला.

'सोडायचा' आणि 'ओतायचा' यांतला फरक परातीनं मला लगेच समजावला. तीळ आधी ओले झाले, मग गप्प झाले, मग एकमेकांचे झाले. मी लाकडी उलथन्यानं त्यांना सोडवायला गेलो तेव्हा ऐंशी हजार तिळांचा एकच तीळ झाला होता. तो उलथन्यासकट उचलता येत होता. हिनं शांतपणे पोळपाटाला तूप लावलं, तो गोळा त्यावर थापला, वड्या पाडल्या आणि शेजारी वाटून आली. शेजाऱ्यांनी वड्यांची तारीफ केली. तळमजल्यावरच्या काकूंनी तर प्रमाण विचारलं. ते मी दिलंही.

त्या संध्याकाळी वाईला आत्याला फोन लावला. आत्याचं वय नव्वदीला टेकलंय. तिच्या हातचा हलवा आमच्या सगळ्या घराण्याच्या नव्या नवऱ्या अंगाखांद्यावर घालून मिरवल्या. काळी चंद्रकळा आणि त्यावर हलव्याचा तन्मणी, बांगड्या, नथ. जावयाच्या हातात हलव्याचा नारळ. तिला कानानं कमी ऐकू येतं, असा तिच्या सुनांचा समज आहे.

"उलथनं?" ती फोनवर एवढ्या मोठ्यानं ओरडली की सूनबाई आतून बाहेर आली. "अरे, हलवा काय पिठलं आहे? बोटं कशाला दिलीत देवानं? चमचाभर पाक घालायचा आणि बोटांनी फिरवायचं. अलगद. चेपायचं नाही. पंखा बंद. दार बंद. पहाटे बसायचं, थंडीत. आणि कुणाला बघू द्यायचं नाही, दृष्ट लागते."

दृष्टीचं मी सोडून दिलं, पण पहाटेवर मी आत्याशी वाद घातला. म्हटलं, पहाटे हवेची सापेक्ष आर्द्रता दिवसभरात सगळ्यात जास्त असते, साखर वाळणार कशी? "तू बस दुपारी," ती म्हणाली आणि फोन ठेवला. मी दुपारी बसलो. ठाण्याची खाडी हाकेवर. हायग्रोमीटर सत्तरच्या खाली यायला राजी नाही. पाकाचा थर चढायचा आणि तसाच चिकट राहायचा. माझी बोटं परातीला, परात माझ्या बोटांना. तेव्हा कुठं कागद-पेन घेऊन बसलो आणि डोक्यात प्रकाश पडला. पहाटेच्या थंड हवेत पाण्याची वाफ मुळातच कमी असते. सापेक्ष आकडा कितीही फुगलेला दिसो, तीच हवा निखाऱ्यावरच्या परातीजवळ तापली की ठणठणीत कोरडी होते आणि थराचं पाणी शोषून नेते. दमट दुपारी तापवून तापवून काय तापवणार? म्हणजे आत्याचं बरोबर. तिनं हे आर्द्रतेचे तक्ते न बघता कसं काढलं, हा प्रश्न मी स्वतःला फार वेळ विचारू दिला नाही.

मग पहाटेची मोहीम. गॅस नको, निखारेच हवेत, हेही आत्याचं फर्मान. गच्चीवर मनाई, म्हणून बाल्कनी. शेगडी मिळाली, पण कोळसा? शेवटी कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडून घेतला. "साहेब, घरीच इस्त्री करणार?" त्यानं जरा दुखावून विचारलं. हलवा म्हटल्यावर त्याला गाजराचा वाटला आणि त्यानं दोन मुठी जास्तीचा कोळसा दिला.

कानाला मफलर, डोळ्यांवर चष्मा, मांडीशी परात आणि बोटांना पाक. पहिल्या दहा मिनिटांत बोटांची टोकं पोळतात. नंतर ती पोळायची थांबतात, आणि ते जास्त वाईट. कोळसा ओलसर होता. धुराचा लोट वरच्या मजल्यांकडे निघाला. आधी वॉचमन आला. मग सोसायटीचे सेक्रेटरी पायजम्यावर शाल घेऊन आले. मी उघड्या अंगावर उपरणं घेऊन, मांडी घालून, पूर्वेकडे तोंड करून बसलो होतो, समोर अग्नी आणि परातीत तीळ. त्यांनी चपला काढल्या, हात जोडले आणि हळूच विचारलं, "शांत आहे का काही? आम्हाला कळवलं नाहीत." मी मान डोलावली. तोंड उघडलं असतं तर चमचा चुकला असता. जाताना ते तीर्थप्रसादाचं विचारून गेले.

आणि खरंच, थर चढू लागला. तीळ पांढरे झाले, टपोरे होऊ लागले. मला राहवेना. असा तासातासानं चढणार असेल तर बोरन्हाण उजाडेल पाडव्याला. मी चमचा जरा मोठा केला, आच जरा वाढवली. आमच्या भाषेत सांगायचं तर प्रॉडक्शन वाढवलं. बघता बघता परातीच्या तळाशी पांढरी धूळ जमू लागली. तिळावर बसायचं सोडून साखर स्वतंत्र संसार थाटू लागली.

या प्रकाराला कारखान्यात 'फॉल्स ग्रेन' म्हणतात आणि तो झाला की चीफ केमिस्ट पॅनमनला शिव्या घालतो. पॅनमध्ये साखरेचे बारीक कण बी म्हणून सोडलेले असतात. पाकातली साखर त्यांच्यावर हळूहळू बसून दाणा मोठा व्हायला हवा. पाक फार दाट झाला की साखरेला धीर निघत नाही. ती जुन्या दाण्यावर न बसता आपले नवे बारीक कण पाडते आणि सगळा माल पिठूळ होतो. आमच्याकडे एक पॅनमन होता. नमुन्याचा माल काचेच्या पट्टीवर पसरायचा, दिव्यापुढं धरायचा, दोन बोटांत चोळायचा आणि म्हणायचा, "सायेब, आता पानी द्या." मी त्याला हमखास दरडावायचो: बोटं काय बघतोस, मीटर बघ! मीटर बघेपर्यंत त्यानं पाणी दिलेलं असायचं. त्याच्या पाळीत फॉल्स ग्रेन झाल्याचं मला आठवत नाही. माझ्या बाल्कनीत तो झाला.

यावरचा इलाज मला पाठ होता: थोडं पाणी देऊन बारीक कण विरघळवायचे. दिलं. बारीक कण विरघळले. त्यांच्यामागून मोठेही गेले. पहाटेपासूनचं काम परातीत मिनिटभरात वितळलं आणि खालून ऐंशी हजार तीळ जसेच्या तसे वर आले, अगदी ताजेतवाने.

त्या रात्री समदुःखी शोधायला मी मोबाईल उघडला, तर थेट जपानात पोचलो. तिथं कोन्पेइतो नावाची अशीच काटेरी साखरमिठाई असते. मूळ पोर्तुगीज. लुईश फ्रोइश या पाद्र्यानं 1569 मध्ये ओदा नोबुनागा या सरदाराला ती नजर केली होती. तिकडं आजही तिला तापलेल्या तिरक्या कढईत पाक शिंपडत आठवडा-दोन आठवडे फिरवतात. गंमत म्हणजे तिला शिंगं का फुटतात, दाणा गुळगुळीत का होत नाही, या कोड्यानं तेरादा तोराहिको यांच्यासारखा भौतिकशास्त्रज्ञ झपाटला होता. त्यांनी त्यावर लेख लिहिला. एक समजूत अशी की दाण्याचा जो भाग जरा वर आलेला असतो त्याला पाक आधी लागतो, म्हणून तो आणखी वर येतो. ज्याच्याकडे आहे त्यालाच मिळतं. सहकारात मुरलेल्या माणसाला हे पटायला जड गेलं, पण बरंही वाटलं. भौतिकशास्त्रज्ञाला जे कोडं वाटलं ते मला नाही सुटलं, तर त्यात लाज कसली? सकाळी आत्याला फोन करून नोबुनागापासून तेरादांपर्यंत सगळं ऐकवलं.

"मग त्यांच्याकडनंच मागवायचास," ती म्हणाली. "मी भोगीच्या आदल्या दिवशी येते."

ती येईपर्यंत मी पुन्हा बसलो. या खेपेला चमचा लहान, आच मंद, दार बंद. मुलगा दात घासत डोकावला तर त्याला मी बाहेर हाकललं आणि परातीवर पंचा टाकला. दृष्टबिष्ट मी मानत नाही. दार उघडलं की हवा बदलते, एवढंच. रोज पहाटे थोडा थोडा थर चढवला. आणि एक दिवस तिळाचा एकेक दाणा मोत्यासारखा, पांढराशुभ्र आणि गोल तयार झाला. काटा मात्र नाही. औषधालाही नाही. मी वाटीत घेऊन सगळ्यांना दाखवला. मुलानं एक दाणा जिभेवर ठेवला, डोळे मिटले आणि विचारलं, "बाबा, दर चार तासांनी चार घ्यायच्या का? आणि कॉफी, कांदा वर्ज्य?"

मी निरखून बघितलं. साबुदाण्याच्या गोळ्या, बारीक काचेची बाटली, बुचाचं झाकण. सगळं डोळ्यांपुढं आलं. होमिओपॅथीचं दुकान थाटण्याइतका माल तयार होता. फक्त पदवी नव्हती.

आत्या आली. पुतण्याच्या गाडीतून, स्वतःची कल्हई केलेली परात लुगड्याच्या फडक्यात गुंडाळून. माझी उपकरणं तिनं एकेक करून बघितली. रिफ्रॅक्टोमीटर डोळ्याला लावला, समोरच्या इमारतीकडे वळवला, "काही दिसत नाही रे" म्हणून परत दिला. पहाटे तिनं मला उठवलं नाही. मीच आवाजानं उठलो.

ती निखाऱ्यांसमोर पाटावर बसली होती. परातीत खसखस. तीळ नवशिक्यानं घेऊ नयेत, असं तिनं मला तेव्हा सांगितलं. ते आधी का नाही सांगितलं, तर मी विचारलं नव्हतं. तिची चार बोटं परातीत सैल फिरत होती, खालचं वर, वरचं खाली. नजर परातीवर नव्हतीच, ती बाल्कनीबाहेर कबुतरं बघत होती. पाक पडला की परातीतला आवाज बुजायचा, ओला व्हायचा. फिरवता फिरवता तो हळूहळू मोकळा व्हायचा, मग सळसळायचा, मग कोरडा खरखरायचा. तो खरखरला की पुढचा चमचा. त्याआधी नाही. आणि चमचा म्हणजे कानकोरण्याएवढा. मी तिच्या शेजारी बसून ऐकू लागलो. सुनांच्या मते हिला ऐकू येत नाही.

"कर," ती म्हणाली आणि सरकली. मी बोटं घातली. आवाज बुजला. बुजलेलाच राहिला.

"चेपतोयस."

मी हलका हात केला.

"आता घाबरतोयस."

दिवस उजाडेपर्यंत मी कधी चेपत होतो, कधी घाबरत होतो. अधूनमधून ती माझ्या मनगटावर चापट मारून परात ओढून घ्यायची आणि मी बिघडवलेलं निस्तरायची. बोरन्हाणाच्या सकाळी भिंगातून बघितलं तर काही दाण्यांवर खरंच बारीक टोकं उठली होती. ती तिच्या वाटणीची की माझ्या, यावर माझं मत मी राखून ठेवलंय. एका मुकुटाला मात्र तो माल पुरणारा नव्हता. मी खजील होऊन सूनबाईला तसं सांगायला गेलो, तर तिनं कपाटातून खोकं काढलं. मुकुट, बासरी, हार, बाजूबंद, कंबरपट्टा. दादरहून. डिसेंबरातच आणून ठेवलेलं.

"आईच म्हणाल्या, आणून ठेव," ती म्हणाली. हिनं कोथिंबीर निवडायला घेतली.

बोरन्हाण झकास झालं. काळं झबलं आणि हलव्याचा मुकुट घातलेला आमचा बाळकृष्ण पाटावर बसला आणि त्यानं पहिल्याच मिनिटाला बासरी चोखायला घेतली. त्याच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, शेंगा ओतल्या, आणि भरीला माझ्या गोळ्या. सोसायटीतली पोरं तुटून पडली. बोरं गेली, चॉकलेटं गेली, उसाचा एक करवा राहिला नाही. पांगापांग झाल्यावर सतरंजीवर उरल्या त्या माझ्या गोळ्या, जवळजवळ सगळ्या. सेक्रेटरींनी मात्र चार उचलून भक्तिभावानं कपाळाला लावल्या आणि तोंडात टाकल्या.

साखर टाकायची नाही, हा हिचा नियम. गोळ्या भरणीत गेल्या आणि भरणी चहाच्या डब्याशेजारी. फाल्गुन निम्मा सरला तरी आमच्या चहात साखर म्हणून त्याच पडत होत्या. गोडी विरघळायची आणि तीळ कपाच्या तळाशी बसायचे. अशातच एक दिवस तो जुना पॅनमन लेकाकडे आला होता म्हणून भेटायला आला. ही कौतुकानं चहा घेऊन आली. त्यानं घोटभर घेतला, थांबला, कप तिरका करून तळ खिडकीच्या उजेडाकडे धरला. मग बोट बुडवून दोन तीळ काढले, अंगठ्यानं चोळले.

"सायेब," तो म्हणाला, "पानी जास्त दिलंत व्हय?"